अंगकोरवाटला उलट्या दिशेने

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, नेदरलँड्समधील आइंडहोवन येथील आमच्या राहत्या घरी रोज जेवणानंतर होणारा गोष्टी सांगण्याचा कार्यक्रम श्रोत्यांच्या अभावी बेमुदत तहकूब करण्यात आला आहे. तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत, कारण तिकीट कधी नव्हतंच.

श्रोते दोन होते. त्यातला एक म्हणजे माझा नवरा. तो दोन वर्षांपूर्वी गेला. दुसरी आमची मुलगी. ती गेल्या वर्षी इंजिनिअरिंग शिकायला एनस्खेडेला गेली. नवरा श्रोता म्हणून अव्वल होता. जुनी गोष्ट पुन्हा ऐकताना तो पुन्हा त्याच जागी हसायचा. मी मीठमसाला वाढवला की त्याची एक भुवई वर जायची, पण पाहुण्यांसमोर त्याने मला कधी टोकलं नाही. असा माणूस ठरवून शोधला तर मिळत नाही. मला तो ठरवूनच मिळाला होता, पण हा गुण पत्रिकेत लिहिलेला नव्हता.

मुलीला मराठी सगळं समजतं आणि ती उत्तर डचमध्ये देते. एका रविवारी फोनवर मी तिला मोठ्या आनंदाने सांगत होते, की सुपरमार्केटमधल्या आपलं आपण बिल करायच्या यंत्राशी माझी आता चांगली ओळख झाली आहे, परवा मी त्याला थँक्यूसुद्धा म्हणाले. मग ती म्हणाली की आई, तुला माणसांची गरज आहे. आठवड्याभरात तिने मला कंबोडियाच्या सहलीत घातलं. जुनी ख्मेर देवळं, धबधबे, मोठं तळं, सोबत गाइड आणि डच मंडळींचा छोटा गट.

मी मनाशी एकच ठरवलं. देवळं तर बघूच. पण या सहलीत कुणा एकाला एक गोष्ट सांगायची, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, आणि त्याने ती ऐकायची. नाही जमलं, तर आपला धंदा बसला असं समजायचं आणि मोठा टीव्ही घ्यायचा.

अडचण भाषेची होती. माझं डच खेमेन्तेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, पत्रांवर पोसलेलं आहे. त्या भाषेत मी कचऱ्याच्या डब्याबद्दल तक्रार करू शकते, गुडघा नेमका कुठे दुखतो ते डॉक्टरला सांगू शकते. कुणाला हसवू शकत नाही. इंग्रजी आहे, पण ते ऑफिसचं. मी चिप बनवायच्या यंत्रांच्या कंपनीत काम करते. तिथे विनोद केला तर मीटिंगच्या शेवटी त्यावर फॉलोअप मागतात.

पहाटेचं विमान असल्यामुळे आदल्या दिवशी आम्ही सगळे बाडहूव्हडॉर्पला, विमानतळाशेजारच्या एका हॉटेलात जमलो. कॉफी आली. प्रत्येकाला एकेक बिस्किट आलं. मी पिशवीतून पोह्यांच्या चिवड्याचा डबा काढून फिरवला. सगळ्यांनी चिमटीत मावेल एवढा घेतला, छान आहे म्हणाले, आणि डबा जवळजवळ भरलेला परत आला. आपल्याकडे डबा भरलेला परत आला तर त्या घरात काहीतरी बिघडलंय असं समजतात. इथे ती सभ्यता आहे, हे मला ठाऊक आहे. तरी झाकण लावताना हात जड झाला.

गटात सगळी जोडपी होती, आणि मी. कंबोडियातल्या बसमध्ये दोन-दोनची बाकं होती. माझ्या शेजारी माझी पिशवी खिडकीपाशी बसायची, कारण तिला बाहेरचं बघायला आवडतं असं मी ठरवून टाकलं होतं.

पहिल्या संध्याकाळी जेवताना मी माझी सगळ्यात खात्रीची गोष्ट काढली. नवऱ्याने पहिल्याच हिवाळ्यात स्टेशनवरून चुकून दुसऱ्याचीच सायकल आणली. आठवडाभर चालवली, तिला तेल दिलं, नवी घंटा बसवली. मग खऱ्या मालकाने ती ओळखून परत नेली, आणि आमचे साहेब सायकल चोरीला गेली म्हणून पोलिसांत गेले. आमच्या घरी ही गोष्ट जेवण संपून ताटं वाळेपर्यंत चालायची. पोलिस, नवरा आणि नवी घंटा, तिघांचे आवाज मी काढते. डचमध्ये ती चार वाक्यांत संपली. समोरच्या बाईंनी काळजीने विचारलं की सायकलीचा विमा होता का. मी नव्हता म्हणाले. मग विम्यावर खूप चांगली चर्चा झाली.

तिसऱ्या संध्याकाळी माझ्या लक्षात आलं की जेवताना माझी वाटणी होते आहे. आज या जोडप्याबरोबर, उद्या त्या. कुणी कुणाशी बोललं असेल नसेल, पण पाळी चुकत नव्हती. आमच्या बिल्डिंगमध्ये जिना झाडायची पाळी अशीच लागते. त्यात काहीही वाईट नव्हतं. ते सगळे माझ्याशी नीट वागत होते, आणि नीट वागण्यानेच माझा जीव अर्धा होत होता. खोलीत गेल्यावर मी दोन पलंगांपैकी भिंतीकडच्या पलंगावर झोपायची. दुसऱ्यावर कपडे पसरून ठेवायची, म्हणजे तो रिकामा दिसत नाही.

कुलेन डोंगरावर एक नदी आहे. तिच्या तळाच्या खडकात शिवलिंगं कोरलेली आहेत, ओळीने, आणि पाणी त्यांच्यावरून वाहत खाली धबधब्याला जातं. गाइड, साधारण माझ्याच वयाचा एक ख्मेर गृहस्थ, सावकाश इंग्रजीत सांगत होता की असं पाणी पवित्र होऊन खाली शेतांना मिळावं हा हेतू. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी वाकून पाणी डोळ्यांना लावलं होतं. मागे कॅमेरे वाजले. वर बघितलं तर सगळा गट माझा फोटो काढत होता. त्यानंतर कुठेही पाणी दिसलं की मंडळी माझ्याकडे आशेने बघत. सहलीच्या पत्रकात नसलेलं एक प्रेक्षणीय स्थळ त्यांना फुकट मिळालं होतं.

फोटो न काढणारा एकच होता, फ्रिसलंड प्रांतातला एक उंच म्हातारा. तो पलीकडच्या काठावरच्या म्हशी बघत होता. त्याची बायको मला म्हणाली की जन्मभर गाई पाळल्या, आता गोठा मुलाकडे दिला, तेव्हापासून हा असाच, तोंड उघडत नाही. मी त्याच्याकडे बघून हसले. त्याने मान हलवली आणि पुन्हा म्हशींकडे वळला.

देवळं सुंदर होती. झाडांच्या मुळांनी भिंती घट्ट धरल्या होत्या, एकेका बुरुजावर चारी दिशांना हसणारे चेहरे होते. असं काही दिसलं की मी डावीकडे, नवऱ्याच्या नेहमीच्या बाजूला, वळून तोंड उघडायची. तिथे हवा असायची. मग मी तोंडात आलेलं गिळायची आणि पाण्याची बाटली काढायची, म्हणजे तोंड उघडण्याला काही कारण दिसावं.

शेवटचा दिवस अंगकोरवाटचा. तिथे बाहेरच्या ओवऱ्यांत, देवळाच्या चारी अंगांनी, लांबच लांब भिंतीवर युद्धं आणि कथा कोरल्या आहेत. आम्ही पश्चिमेच्या दारातून आत आलो. गाइड म्हणाला, सगळ्यांनी उजवीकडे या. गट उजवीकडे गेला. माझे पाय डावीकडे गेले.

हा हट्ट नव्हता. देऊळ म्हटलं की गाभारा उजव्या हाताला ठेवून फिरायचं, हे माझ्या पायांना माझ्याआधीपासून माहीत आहे. माझं लक्ष भिंतीकडे होतं, कारण भिंतीवर लंकेचं युद्ध होतं. एक वानर राक्षसाच्या मांडीला कडकडून चावत होता. राक्षसाचा चेहरा असा, जणू ऑफिसला निघालेल्या माणसाला दारातच कुत्रं भेटावं. मी हसले, डावीकडे वळले, आणि या वेळी डावीकडे खरंच कुणीच नव्हतं. गटही नव्हता. फक्त खांब, आणि खांबांच्या सावल्या.

परत फिरायला हवं होतं. पण अर्ध्यावर आलेली प्रदक्षिणा मागे फिरवायची नसते, हेही पायांना माहीत होतं. मी पुढे गेले. उत्तरेच्या ओवरीत एकाशेजारी एक देव आपापल्या वाहनांवर बसून भांडत होते. माझी चप्पल वाजत होती, तेवढाच आवाज. शेवटी मी पूर्वेच्या बाजूला पोचले, तिथे समुद्रमंथन होतं. एकीकडे असुर, एकीकडे देव, मध्ये वासुकी. भिंत संपता संपत नव्हती. मी समोरच्या दगडी उंबऱ्यावर बसले. मला कुणी शोधत असेल का, की माझी आजची पाळी ज्यांच्यावर आहे तेवढेच शोधत असतील, असा विचार आला, आणि तो विचार काही केल्या जाईना.

मग मी नेहमी जे करायची तेच केलं. भिंतीला गोष्ट सांगायला लागले. मराठीत, मोठ्याने. देवांचा आवाज मी सोसायटीच्या सेक्रेटरीचा केला, असुरांचा नेहमी उशिरा येणाऱ्या सभासदांचा. वासुकीला पाठदुखी दिली. "अहो, जरा हळू ओढा," वासुकी म्हणाला, "मला मणक्याचं आहे." मी उभी राहून दोन्ही हातांनी दोर ओढत होते, मंदार पर्वत बुडत होता, विष्णू कासव होऊन खाली गेले, पाणी तोंडात गेलेल्या कासवाचा आवाज मी काढला, आणि मागे कुणीतरी खोकलं.

गट दुसऱ्या बाजूने आला होता. कधीपासून उभे होते कोण जाणे.

माझे कान तापले. मी चुकीच्या बाजूने आले, असं मी गाइडला म्हणाले. तो म्हणाला की तुम्ही एरवी देवळात फिरतात त्याच बाजूने आलात. हे देऊळ मात्र गेलेल्या राजासाठी आहे, असं पुष्कळजण मानतात, म्हणून इथल्या कथा उलट्या दिशेने लावल्या आहेत, जसं माणूस गेल्यावर चालतात तसं. मला अपसव्य आठवलं. नवऱ्याच्या दिवसांत गुरुजींनी माझ्या दिरांना जानवं उजव्या खांद्यावर घ्यायला लावलं होतं. मी त्याला सांगितलं की आमच्याकडेही गेलेल्यांसाठी सगळं उलटं करतात, आणि माझा नवरा गेला आहे. हे वाक्य मी त्या गटात तोवर उच्चारलं नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं. विचारणं हे त्यांच्याकडे नाक खुपसणं असतं, आणि आपणहून सांगणं हे माझ्याकडे सहानुभूती मागणं.

सायकलीच्या विम्याचं विचारणाऱ्या बाईंनी उंबऱ्यावरची माझी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि त्या जागी बसल्या. गाइडने घसा दाखवला, आज तो बसलाय म्हणाला, आणि माझ्याकडे हात केला. ही कथा तुम्हीच सांगा.

मी डचमध्ये सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्यात अडकले. घुसळण्याला शब्द नव्हता. खेमेन्ते कधी कुणाला काही घुसळायला सांगत नाही. मी हातांनी रवी फिरवून दाखवली. तेव्हा फ्रिसलंडच्या म्हाताऱ्याने तो शब्द दिला, हळूच, जणू तो त्याच्या खिशातच होता. मग मी थांबले नाही. डच संपलं तिथे इंग्रजी घातलं, इंग्रजी संपलं तिथे मराठी, आणि जिथे तिन्ही संपलं तिथे हात. विष निघालं तेव्हा मी गळा धरला. घोडा, हत्ती, लक्ष्मी, सगळं काढलं, अमृत काढलं, आणि अमृतावरून जी भांडणं झाली ती तर सावकाश, एकेक करून काढली. बराच वेळ गेला असणार, कारण दुसरे दोन गट येऊन गेले. आमच्यातलं कुणी हललं नाही.

गोष्ट संपल्यावर सगळे हसले, मोठ्याने, अगदी खांबांतून आवाज फिरून येईपर्यंत, आणि मी त्यांच्यापेक्षा जास्त, डोळे पुसत. पण ते हसणं माझ्या गोष्टीला नव्हतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ते म्हाताऱ्याला होतं. तो इतका वेळ भिंतीवरच्या त्या न संपणाऱ्या रांगेकडे, पहिल्या असुरापासून शेवटच्या देवापर्यंत, बघत होता, आणि बायकोने कोपर मारायच्या आत त्याने बोलून टाकलं होतं:

"एवढी माणसं कशाला लागतात? आमची आई हे एकटीच करायची, आणि वर गाणंही म्हणायची."