कानामात्राबाईंनी सोडलेली चूक

विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत, तळमजल्यावर जिन्याखालच्या खोलीत बसून ज्या बाई दरवर्षी प्रवेशाची माहितीपुस्तिका तयार करायच्या, त्यांना सगळे कानामात्राबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण बाईंना ते ठाऊक होतं आणि त्यात त्यांना काही वावगंही वाटत नव्हतं. दोनशे बारा पानांच्या पुस्तिकेत एक काना इकडचा तिकडे झाला, तरी त्यांना तो दुसऱ्या खोलीतून दिसतो असं कचेरीत म्हणत. एकवीस विभागांकडून मजकूर यायचा, कुणाचा टाइप केलेला, कुणाचा पाठकोऱ्या कागदावर खरडलेला. बाई तो सरळ करायच्या, प्रूफावर लाल पेनानं गोल करायच्या आणि विभागप्रमुखांची सही घेऊन छापखान्याकडे पाठवायच्या. सत्तावीस वर्षं हेच काम. एकदाही पुस्तिकेला शुद्धिपत्रक जोडावं लागलं नव्हतं.

इतकी वर्षं ही बाई पोटात काय घेऊन बसली आहे, हे मात्र कचेरीत कुणाला माहीत नव्हतं.

त्या इथल्याच विद्यार्थिनी. वडील बस डेपोत मेकॅनिक, घरात त्यांच्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. पोरगी हुशार निघाली आणि ऑनर्सला गेली. ऑनर्सच्या मुलांना आपल्या मुख्य विषयाखेरीज काही गाभा विषय घ्यावे लागत. तिच्या प्रवेशाच्या वर्षीच्या पुस्तिकेत स्वच्छ छापलं होतं : खालील सात गाभा विषयांपैकी कोणतेही पाच. तिनं पाच घेतले, त्यात आवडीनं तत्त्वज्ञान घेतलं. पाचही विषयांत तिला पहिल्या वर्गाचे गुण होते.

पदवीच्या यादीत तिच्या नावापुढे ऑनर्स लागलं नाही. विचारायला गेली तेव्हा कळलं की, मधल्या काळात संख्याशास्त्र सर्वांना सक्तीचं झालंय. तशी सूचना संख्याशास्त्र विभागाच्या फलकावर लावली होती. त्या मजल्यावर ती तीन वर्षांत एकदाही गेली नव्हती, जायचं कारणच नव्हतं.

ऑनर्स समितीचं काम तेव्हा संख्याशास्त्राच्या एका तरुण सरांकडे होतं. अर्ज आणि पुस्तिका घेऊन ती त्यांच्यासमोर उभी राहिली. सरांनी अर्ज वाचला नाही. पुस्तिकेतल्या त्या ओळीवर तिनं बोट ठेवलं, तेव्हा ते म्हणाले, "छापलेलं वाचता आलं म्हणजे नियम कळला, असं होत नाही." मग दाराशी उभ्या असलेल्या दुसऱ्या कुणाला त्यांनी आत बोलावलं. ती बाजूला झाली. बसली तर नव्हतीच, त्यामुळे उठायचाही प्रश्न आला नाही.

ऑनर्स नाही म्हणून संशोधनाला प्रवेश मिळाला नाही. पदवीदान समारंभासाठी वडिलांनी रजा टाकली होती. ती रद्द करायला ते स्वतः डेपोत गेले. ते तिला रागावले असते तर बरं वाटलं असतं. पुढच्याच वर्षी विद्यापीठात लिपिकाची जागा निघाली आणि तिनं ती धरली. आई म्हणाली, जिथं असा अपमान झाला तिथंच कशाला जातेस? ती म्हणाली, तिथंच जायचंय.

लिपिकाला एक गोष्ट मिळते जी विद्यार्थ्याला कधी मिळत नाही : कपाटाची किल्ली. नोकरीच्या चौथ्या वर्षी जुन्या फायली लावताना बाईंना त्यांच्याच वर्षीची ऑनर्सची फाइल सापडली. संख्याशास्त्र न घेतलेले त्या वर्षी तिघे होते. एक त्या स्वतः. उरलेली दोन्ही मुलं सरांच्याच विभागातली, संख्याशास्त्राचे वरचे विषय घेतलेली, पण हा पायाचा विषय राहून गेलेली. दोघांच्या अर्जांवर सरांच्या अक्षरात लिहिलं होतं : विशेष बाब म्हणून सूट. खाली तारीख. बाईंच्या अर्जावरही तीच तारीख होती.

त्या दिवशी बाईंनी डूख धरला. आरडाओरडा केला नाही, निनावी पत्र पाठवलं नाही. फाइल आपल्या कपाटात सगळ्यात खाली ठेवली आणि नियम वाचायला बसल्या. विद्वत्सभेची इतिवृत्तं, परिनियम, जुनी परिपत्रकं, सगळं त्यांनी वाचून काढलं. पुढे कुलसचिव एखादा नियम आठवेना की, "बाईंना विचारा" म्हणू लागले.

एका वर्षी दुसऱ्याच विभागातला एक विद्यार्थी फलकावरच्या सूचनेवरून न्यायालयात गेला आणि जिंकला. कुलसचिव हादरले. बाईंनी दुसऱ्याच दिवशी त्यांच्यापुढे टिपण ठेवलं. विद्यार्थ्यानं ज्या वर्षी प्रवेश घेतला त्या वर्षीची छापील पुस्तिका हाच त्याच्यासाठी नियम. फलकावरची सूचना त्याला लागू नाही. प्रवेश सुरू झाल्यावर विद्यार्थ्यावर बोजा वाढवणारं शुद्धिपत्रक काढता येणार नाही. सभेत ते टिपण चर्चेविना मंजूर झालं. सरही त्या सभेला हजर होते. तेव्हापासून पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर, चौकटीत, ही तीन वाक्यं छापली जाऊ लागली. ती वाचत कुणी नसे. बाई मात्र दरवर्षी प्रूफावर ती सर्वांत आधी तपासत.

सर दरम्यान विभागप्रमुख झाले, मग ऑनर्सचे संचालक. त्यांचं संख्याशास्त्र सक्तीचं होतं म्हणून त्यांच्या वर्गात दर वर्षी तीनशेवर मुलं, हाताखाली शिक्षक, सभांमध्ये शब्दाला वजन. त्यांचा मजकूर सगळ्यात शेवटी यायचा आणि चुकांनी बुजबुजलेला असायचा. बाई लाल गोल करायच्या, फोन करून सांगायच्या, सर "हां हां, करा तुम्ही बरोबर" म्हणायचे. अठरा वर्षं त्यांनी सरांच्या चुका निस्तरल्या. घरी वहिनी एकदा म्हणाली, "एवढा राग आहे तर त्याचं काम नीट कशाला करता?" बाई म्हणाल्या, "सवय लागू दे त्याला."

सर साठीला आले त्या वर्षी त्यांनी दोन वर्षांच्या मुदतवाढीचा अर्ज केला. कारण दिलं होतं, सक्तीच्या विषयाचा एवढा मोठा वर्ग सांभाळायला दुसरं कुणी नाही. त्याच वर्षी त्यांनी अभ्यासक्रम बदलला. जुना 'संख्याशास्त्र १०१' बंद केला आणि नवा 'संख्याशास्त्र ११०' सुरू केला. बंद झालेल्या विषयांच्या यादीत १०१ आला, विभागाच्या पानावर ११० आला. आणि ऑनर्सच्या पानावर सरांनी जुन्या सवयीनं स्वतःच्या हातानं लिहिलं : सक्तीचा गाभा विषय, संख्याशास्त्र १०१.

बाईंना ते पहिल्याच नजरेत दिसलं. लाल पेन हातातच होतं. त्यांनी ते खाली ठेवलं.

मग चार वेळा हिशेब केला की यात मुलांचं काही वाईट होतं का. होत नव्हतं. बंद विषय कुणी घेऊ शकत नाही, म्हणजे सक्ती कुणालाच लागू होत नाही, म्हणजे मुलं मोकळी. बाईंनी प्रूफ जसंच्या तसं सरांकडे पाठवलं, सोबत चिठ्ठी : कृपया स्वतः तपासून सही करावी. आठवड्यानं पुन्हा एक, त्यानंतर तिसरी. तिन्ही चिठ्ठ्यांची पोच घेतली. तिसऱ्या चिठ्ठीनंतर प्रूफ परत आलं. ऑनर्सच्या पानावर सरांची झोकदार सही होती आणि पानाला हात लागल्याची दुसरी काही खूण नव्हती.

पुस्तिका छापून आली त्या दिवशी बाईंनी ते पान उघडून पाहिलं. आपल्या हातून बाहेर पडलेली पहिली चूक. त्यांना वाटलं होतं की वाईट वाटेल. उलट, घरी जाताना त्या एक थांबा आधीच उतरल्या आणि मजेत चालत गेल्या.

प्रवेश सुरू होऊन तीन आठवडे झाले तेव्हा सर खाली आले. जिन्याखालच्या त्या खोलीत ते पहिल्यांदाच येत होते, दाराशी त्यांना वाकावं लागलं.

"मॅडम, ही छपाईची चूक आहे," ते म्हणाले. "एका मुलीनं ११० घेणार नाही असा अर्ज केलाय आणि कुलसचिव म्हणतात तिचं बरोबर आहे. शुद्धिपत्रक काढा."

बाईंनी प्रूफ काढून टेबलावर ठेवलं. "सही तुमची आहे, सर. आणि प्रवेश सुरू झालेत. तिसरं पान वाचा."

सरांनी वाचलं, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा. "दर वर्षी तुम्ही फोन करून सांगता. या वर्षी का नाही सांगितलंत?"

या प्रश्नासाठी बाईंनी वर्षानुवर्षं उत्तर घोटून ठेवलं होतं. आंघोळ करताना, भांडी घासताना, बसच्या रांगेत. मोठं भाषणच होतं ते. प्रत्यक्षात एवढंच बाहेर पडलं : "छापलेलं वाचता आलं म्हणजे नियम कळला, असं होत नाही, सर."

सरांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. त्यांना आठवलंच नव्हतं. बाईंनी मग सांगितलं, कोणतं वर्ष, कोणते पाच विषय, तत्त्वज्ञान धरून. सर म्हणाले, "असे अर्ज खूप यायचे हो."

तेवढ्यापुरत्या बाई पुन्हा त्या टेबलासमोर उभी असलेली पोरगी झाल्या. मग त्यांनी खाली वाकून कपाटाचा शेवटचा कप्पा उघडला.

"त्या वर्षी तीनच आले होते," त्या म्हणाल्या. "दोन मंजूर झाले. अक्षर ओळखता का बघा."

सर खुर्चीवर बसले. कुणी बसा म्हटलं नव्हतं. दोन्ही अर्ज वाचून झाल्यावर त्यांनी हळू आवाजात विचारलं, ही फाइल आणखी कुणी पाहिली आहे का. बाई म्हणाल्या, अजून नाही. त्या 'अजून'चा सरांवर काय परिणाम झाला तो बाईंनी डोळे भरून पाहिला, घाई केली नाही. फाइल पुढेही कुणाला दाखवली नाही. पण हे सरांना कधीच सांगितलं नाही.

त्या वर्षी ११०च्या वर्गात तीनशेच्या जागी एकोणीस मुलं आली. एवढ्या मुलांसाठी मुदतवाढ कशाला, असं कुलसचिवांनी सभेत विचारलं आणि सरांच्या बाजूनं कुणी बोललं नाही. ऑगस्टअखेर सर निवृत्त झाले. निरोप समारंभाला बाई मागच्या रांगेत होत्या. भाषणं संपेपर्यंत थांबल्या आणि चहा न घेता निघाल्या.

एक हिशेब मात्र त्यांच्याकडून राहून गेला होता. त्या मोठ्या वर्गाच्या तुकड्या तासिका तत्त्वावरची एक तरुण शिक्षिका घ्यायची. तुकड्या गेल्या, तासिका गेल्या. ती एके दुपारी अनुभवाचा दाखला मागायला खाली आली. सहा वर्षं शिकवलं होतं तिनं. तक्रार करत नव्हती; पुस्तिकेत असं कसं छापलं गेलं असेल, एवढंच नवलानं म्हणाली. बाई दाखल्यावरची तारीख तपासत राहिल्या.

सरांबद्दल बाईंना कधी पस्तावा झाला नाही, पुढेही होणार नव्हता. पण त्या मुलीचा दाखला लिहिताना त्यांचा हात तीनदा थांबला. वाणिज्य विभागाला संख्याशास्त्र शिकवणारं कुणीतरी हवं होतं. बाईंनी त्यांच्या प्रमुखांना फोन केला, मग दुसऱ्यांदा केला, शेवटी स्वतः जिने चढून गेल्या. आजवर स्वतःसाठी त्यांनी कुणाकडे शब्द टाकला नव्हता. प्रमुख आठवड्याला चार तासिका द्यायला तयार झाले.

बाईंनी मुलीला कळवलं. ती म्हणाली, "बाई, तुम्ही एवढं केलंत, पण मला परगावी बँकेत जागा मिळाली. परवा निघतेय." आणि मग, आठवल्यासारखं, "वर्ग घ्यायला मला आवडायचं हो."

बाई म्हणाल्या, "हो गं, मुलं सांगायची." मुलांनी त्यांना कधीच काही सांगितलं नव्हतं.