गिअर ऑइल बदललं तो दिवस

माझी बायको सुमन आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पोराच्या डर्ट बाईकचं गिअर ऑइल बदलणं. आज न्यूझीलंडमधल्या टौरंगात, त्याच्या गॅरेजात तोच वास आला आणि मी खालीच बसलो.

त्या दिवशी मी बाईकमध्ये कारचं उरलेलं ऑइल ओतायला निघालो होतो. "अहो, त्यानं क्लच घसरेल! बाईकचं घ्या," सुमन म्हणाली. मग तिनं काढलेलं काळं ऑइल चिमटीत चोळलं. "लोखंडाचा चुरा नाही. तुमच्या गुडघ्यांपेक्षा गिअरबॉक्स बरा." तेव्हा हसलो. आता राग येतो. गिअरबॉक्स तपासला, तिची छाती कुणी तपासली नाही.

त्याच रात्री ती झोपेतच गेली. सकाळी लोक यायच्या आधी मी साखर आणि गोडंतेल घेऊन तिची धुऊनही ऑइलनं काळी राहिलेली बोटं चोळत बसलो. आमची पोरगी रडत म्हणाली, "बाबा, लीव्ह इट."

मी म्हटलं, "तिला असे हात चालायचे नाहीत," आणि चोळत राहिलो.