चारूदादाचं ताट

फुलवाती वळताना कालिंदीचा हात थांबला. एक पुरी झाली होती, दुसरी अर्धी बोटांतच, आणि दारातून श्रीकांतराव ओरडले, "अगं, कॅनिंगची गाडी आपल्यासाठी थांबायची नाही!"

तिने अर्धी वात तशीच तुपात बुडवून निरांजनात ठेवली आणि ओवाळणीचं ताट पिशवीत भरलं.

"ताट कशाला? बेटावरच्या अभयारण्यात पक्षी बघायला चाललोय आपण."

"भाऊबीज आहे आज."

श्रीकांतरावांनी पिशवी उचलली. कालिंदीचा एकुलता एक भाऊ चारुदत्त बोटीवर वायरमन होता. खिदिरपूरच्या गोदीतून निघालेली ती बोट तीन वर्षांपूर्वी वादळात बुडाली. कुणी वाचलं नाही, असं कंपनीचं पत्रही आलं. गोदीजवळ दादा राहायचा, तिथल्या खानावळवाल्याने 'त्याची ट्रंक घेऊन जा' म्हणून दोनदा निरोप धाडला, पण कालिंदी गेली नाही. "डोळ्यांनी कुणी पाहिलंय?" एवढंच म्हणायची. रोज देवापुढे दादाच्या नावाची रामरक्षा, आणि दर भाऊबीजेला पाट मांडून दिवसभर दाराकडे डोळे. म्हणून तर नवऱ्याने यंदा ही सहल काढली होती.

कॅनिंगला गाडीतून उतरून धरलेली लाँच खाडीत शिरली. दोन्ही काठांना चिखल आणि त्यातून वर आलेली झाडांची मुळं. सहा वर्षांची स्मिता बगळे मोजत होती. तेवढ्यात सुकाणूवरचा बंगाली म्हातारा तिला मोडक्या हिंदीत म्हणाला, "आवाज मत करो, खुकी. इधर मामा पानी पीने आता है."

स्मिता ताडकन उठली. "आई, मामा! आपला मामा इथे आहे!"

"अगं वेडाबाई," श्रीकांतराव हसले, "वाघाचं नाव घेत नाहीत इथे. त्याला मामा म्हणतात."

पण पोर कुठली ऐकते! कठड्याला धरून तिने जंगलाकडे हाक मारली, "मामा, ये ना रे! आई दर वर्षी ताट करते. मीपण वाट बघते!"

काठावरचे बगळे उडाले. काहीच आलं नाही. स्मिता तरी बघतच राहिली, मान पुढे काढून, डोळे न हलवता. कालिंदीने ते बघणं ओळखलं. तिचंच होतं ते. ती लेकीला हेच शिकवत आली होती.

परतताना पश्चिमेला बीजेची कोर दिसली. कालिंदीने ताट काढलं. वाऱ्यात काडी टिकेना, तेव्हा श्रीकांतरावांनी ओंजळ धरली. अर्धी वात पेटली. तिने चंद्राला ओवाळलं.

"आई, चंद्राला का गं?"

"ज्यांना भाऊ नसतो, त्या चंद्राला ओवाळतात, बाळा."

स्मिता तिला बिलगली. श्रीकांतरावांची ओंजळ तशीच होती. वात लवकर विझली.

"अहो," डोळे पुसून कालिंदी म्हणाली, "उद्या कामावर निघताना मलाही बरोबर घ्या."

उद्या तिला वाटेत खिदिरपूरला उतरून दादाची ट्रंक आणायची होती.