टिपाडातलं गार पाणी

मी सांगतो त्यातलं बारा आणे आमच्या गावात कुणी धरत नाही. त्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं.

तलवाड्याच्या बाजूची माझी दोन एकर जमीन कालव्याच्या पाझरानं इतकी चिबडली होती की कापूस लावला तर बोंडांऐवजी बेडूक लागायचे. म्हणून तिथं भात लावला. आमच्याकडं भात म्हणजे अप्रूप. बघायला येईल त्याला मी सांगायचो, जपानहून दोघं येऊन फोटो काढून गेले.

कृषी सहायकानं मला एक प्लास्टिकची पट्टी दिली होती. तिच्यावर हिरव्या रंगाच्या चार छटा. भाताचं पान तिला लावून बघायचं. तिसऱ्या छटेपेक्षा फिकं असेल तरच युरिया, तोही पाणी काढून, थोडा थोडा. त्या दिवशी पान लावलं तर चांगलंच गडद. पिकाचं पोट भरलेलं होतं, माझं नव्हतं. गेवराईच्या रस्त्यानं जाणाऱ्यानं गाडी थांबवावी इतकं काळंभोर हिरवं मला पाहिजे होतं.

चिखलात उतरायचा कंटाळा, म्हणून मी आपली कापसाची रीत वापरली. पत्र्याच्या मोठ्या टिपाडात पाणी भरून युरिया विरघळवला आणि तोटीनं थेंब थेंब पाटाच्या पाण्यात सोडला. युरिया पडला की पाणी गार पडतं. भादव्याच्या उन्हात टिपाडाला बाहेरून घाम सुटला होता. ते तसंच उघडं ठेवून मी रस्त्यावरच्या हॉटेलात चहाला गेलो. तिथं एक नवं गिऱ्हाईक भेटलं, त्याला जपान सांगितलं.

परत आलो तर वैनींची म्हैस टिपाडात तोंड घालून उभी. वैनी म्हणजे माझ्या चुलतभावाची बायको. भाऊ वारल्यापासून त्या एका म्हशीच्या दुधावर घर चाललं होतं. ती होती म्हणून वैनींना ऊसतोडीला जावं लागत नव्हतं. मी म्हैस हाकलली, उरलेलं पाणी ओतून दिलं आणि टिपाड पालथं घातलं.

थोड्या वेळात म्हैस थरथरायला लागली. तोंडाला फेस, पोट नगाऱ्यासारखं. वैनी धावत आल्या, माणसं जमली, कुणीतरी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर टाकला.

"काय खाल्लं का पिलं तिनं?" डॉक्टरांनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "साप हाय. मी बघितला. ह्यो एवढा." आणि दोन्ही हात पसरले. साप इतका झकास जमला की चार जण काठ्या घेऊन गवत झोडपायला पळाले.

"मग हलवू नका, इंजेक्शन घेऊन येतो," डॉक्टर म्हणाले. आम्ही वाट बघत बसलो. म्हशीचे पाय एकेक करून ताठ होत गेले.

डॉक्टर आले, वाकले, तिचं तोंड हुंगलं. "युरिया कुठं ठेवलावता?"

तेव्हा मी सांगितलं.

"फोनवर कावून न्हाई बोलले? व्हिनेगर पाजायला सांगितलं असतं. वाचली असती कदाचित. आता तरी आणा कुठनं."

मी चहा प्यालो त्या हॉटेलात चायनीजच्या गाड्यावर व्हिनेगरच्या दोन बाटल्या होत्या. पोरं पळत जाऊन घेऊन आली. डॉक्टरांनी नळीनं पाजलं. दिवस मावळायच्या आत म्हैस गेली.

वैनी तिच्या मानेवर हात ठेवून बसल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "भावजी, सापाचा रंग न्हाई सांगितला तुमी."

खोटं कशाला बोलू, रंग माझ्या तोंडात तयार होता.

दुसऱ्या दिवशी मी माझी दुभती गाय नेऊन त्यांच्या दावणीला बांधली. दुपारी ती एकटीच परत आली. दावं तिच्या शिंगांना नीट गुंडाळलेलं होतं.

दिवाळीनंतर शिरूर कासारकडून वैनींच्या भावाची ऊसतोडीची टोळी निघाली, तिच्यात वैनी गेल्या. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं एक कोयता म्हणतात. बाई एकटी असली तर अर्धा कोयता. ट्रकमध्ये त्या गाठोड्यावर बसल्या होत्या. मी खाली उभा होतो. ड्रायव्हरनं विचारलं, भात लावलावता तो तुमीच का, तर मी नुसतं हो म्हणालो; जपान सांगितलं नाही.