वलांडीवरची दुसरी डीव्हीडी

“चाळीसचा प्लॅन हाय ना माझा? मग व्हिडिओ जात का नाय?”

मी बूट काढायच्या आधीच रेखामावशींनी मला दारात पकडलं. पालघरजवळच्या माहीमला समुद्राकडच्या आळीत त्यांचं घर. तक्रारीच्या मेसेजमध्ये दोनच शब्द होते, ‘स्पीड नाही’. मी बोईसरच्या एका छोट्या इंटरनेट ऑपरेटरकडे फील्ड टेक्निशियन आहे. अशा सात-आठ तक्रारी रोज माझ्या वाट्याला येतात. निम्म्या ठिकाणी बिघाड नसतोच. ग्राहकाला अर्धं सांगितलेलं असतं, इतकंच. सांगणारे आम्हीच. कंपनीचा टी-शर्ट अंगात घालून मी हे लिहिते आहे, याची मला कल्पना आहे.

लॅपटॉपवर स्पीड टेस्ट लावली. डाउनलोड अडतीस, अपलोड चार.

“मावशी, लाइन चांगली आहे. येताना चाळीस, जाताना चार.”

“म्हणजे?”

“तुम्ही सिरियल बघता तेव्हा ती तुमच्याकडे येते. ते डाउनलोड. तुम्ही लेकीला व्हिडिओ पाठवता तेव्हा तो तुमच्याकडून जातो. ते अपलोड. आम्ही विकताना फक्त येण्याचा आकडा सांगतो.”

“जाण्याचा का नाय लिवत?”

“लिहिलाय. जाहिरातीत चांदणी काढून खाली, मुंगीएवढ्या अक्षरात.”

“मला मुंगी दिसत नाय आता,” मावशी म्हणाल्या. “मोठ्यानं सांगायचं ना मग. मासळी विकताना आमी काय कुजबुजतो?”

दुसरी मेख आकड्यातच आहे. ती सगळ्या घरांत पोचायला हवी, म्हणून इथे सांगते. इंटरनेटचा वेग मोजतात मेगाबिटमध्ये, फाइल मोजतात मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे शंभरचा प्लॅन घेतलात तरी फाइल सेकंदाला साडेबाराच मेगाबाइटनं उतरणार. आणि मावशींचा चारचा अपलोड म्हणजे सेकंदाला जेमतेम अर्धा मेगाबाइट. त्यांची फाइल चार जीबीच्या वर होती. अडीच तास लागणार होते. त्यातून राउटर फ्रिजच्या मागे, मध्ये जाड भिंत. वायफाय सारखं तुटायचं आणि अपलोड पहिल्यापासून सुरू व्हायचं. चार दिवस हेच चाललं होतं.

मी राउटरपासून लॅपटॉपपर्यंत वायर टाकली आणि अपलोड लावलं. अकरा वाजले होते. साहेबांचा फोन आला.

“किती वेळ एका कॉलवर? राउटर विणतेस का तिथं?”

“अपलोड होईपर्यंत बसते, सर.”

“आपण लाइन देतो. लोकांचे व्हिडिओ पोचवायचा ठेका नाही घेतला.”

“चाळीस विकलेत ना? मग बसू दे.”

त्यांनी फोन ठेवला. मी बसले.

मावशींनी चहा दिला आणि सांगायला लागल्या. लेक जागृती मस्कतला नर्स आहे. ती फाइल म्हणजे तिच्या लग्नाची डीव्हीडी. लग्नानंतर वर्षभरात मावशींचे मालक गेले. बोटीवर तांडेल होते, खलाशांचे म्होरके. सगळं आयुष्य पाण्यात काढलं आणि गेले घरात, जेवता जेवता. फोटो भरपूर आहेत. आवाज कुठेच नाही. तेव्हा त्यांच्याकडे बटणांचा फोन होता, त्यात कोण काय रेकॉर्ड करणार?

“मागल्या हप्त्यात फोनवर रडली गो,” मावशी म्हणाल्या. “बोलली, आई, बाबांचा आवाज मला आठवत नाय. चेहरा आठवतो, आवाज नाय. तिच्या पोराला आजोबा ऐकवायचाय. पाठवणीला व्हिडिओवाल्यानं यांच्या तोंडाफुडं माइक धरलेला. हे लाजले आन् मग काय बोलत सुटले!”

डीव्हीडी प्लेयर केव्हाच भंगारात गेला होता. म्हणून नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून त्यांनी डिस्क पेनड्राइव्हवर काढून आणली होती. जागृतीच्या जुन्या लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावून दिला होता पुतण्यानं. पुढचं मावशी एकट्या झुंजत होत्या.

दीडला अपलोड पूर्ण झालं. मावशींनी जेवायला घातलं, मग मी वायर गुंडाळत होते तेव्हा जागृतीचा व्हिडिओ कॉल आला. नर्सच्या कपड्यातच होती. तिनं सगळं बघितलं नव्हतं, थेट शेवटाकडे गेली होती.

“आई, यात हळद आहे, लग्न आहे. पंगतीत संपतं. पाठवणी नाही.”

“नीट बघ. असंल.”

“नाही गं. बाबा एकदाच दिसतात, पाठमोरे. आणि वर बँड वाजतोय. दुसरी डिस्क असेल. दोन होत्या ना डब्यात?”

मावशींनी मागच्या दाराकडे बघितलं. मग हळू म्हणाल्या, “ती दुसरी तीच व्हती ना? एक बिघडली तर एक.”

दोन्ही डिस्कवर व्हिडिओवाल्यानं मार्करनं सारखंच लिहिलं होतं. वधूवरांची नावं आणि तारीख. एक, दोन असे आकडे टाकायला त्याला किती शाई लागली असती?

“कुठे आहे ती, मावशी?”

त्या उठून मागच्या दारानं बाहेर गेल्या. मी फोन हातात धरून मागोमाग. बाहेर वाळूत वलांड्या होत्या. बांबू उभे-आडवे बांधून त्यावर बोंबील जोडीजोडीनं लटकवून वाळवतात, त्या. प्रत्येक वलांडीच्या टोकाला दोरीनं सीडी टांगलेली. वाऱ्यावर फिरत होत्या, उन्हात लखलखत होत्या. मावशींनी एकीची गाठ दातानं सोडली आणि डिस्क पदराला पुसत माझ्या हातात दिली.

“कावले येत नाय याच्यानं. खरंच येत नाय. ती पोरं आलेली ना कागद वाटत, त्यात लिवलेलं.”

तो कागद मी लिहिला होता.

नोकरीच्या आधी आमचा एक गट होता. किनाऱ्यावरच्या कचऱ्यावर आम्ही पत्रकं काढायचो, गावोगाव वाटायचो. एका पत्रकात मी ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: ‘जुन्या सीडी समुद्रात फेकू नका! वलांडीवर टांगा! कावळे पळवा!’ तीन उद्गारचिन्हं. मला त्या ओळीचा अभिमान होता. लोकांनी ऐकलं म्हणून आम्ही वडापाव खाल्ला होता.

“मावशी, ते पत्रक माझं,” मी म्हटलं. फोनमध्ये जागृती होती. तिनंही ऐकलं.

डिस्क घेऊन मी बोईसरला आले. ऑफिसमधल्या ड्राइव्हमध्ये घातली. ड्राइव्ह घरघरला, थांबला, परत घरघरला. मग ट्रे बाहेर. तीन ड्राइव्ह बदलले. खराब भाग सोडून उरलेलं वाचणारं सॉफ्टवेअर लावलं. त्याला सोडण्यापुरतंही काही सापडलं नाही.

कारण साधं आहे. सिनेमाची विकत मिळणारी डिस्क कारखान्यात छापतात. तिच्यातले खड्डे साच्यानं उमटवलेले, पक्के. लग्नाची डिस्क छापलेली नसते, ‘बर्न’ केलेली असते. तिच्यात रंगाचा पातळ थर असतो आणि लेझर त्या रंगावर बारीक डाग पाडत जातो. ते डाग म्हणजे तुमचं लग्न. आता लेझरही उजेड आणि ऊनही उजेड. उन्हात टांगलेल्या डिस्कचा सगळा रंगच विटतो. डाग कुठला आणि कोरी जागा कुठली, ड्राइव्हला कळत नाही. मावशींची डिस्क खालून जांभळी असायला हवी होती. ती पांढुरकी झाली होती. खाऱ्या वाऱ्यानं कडेचा चंदेरी थर सुटला होता. त्यातून पलीकडचं टेबल दिसत होतं.

पालघरला व्हिडिओवाल्याच्या दुकानात गेले.

“मॅडम, दोन वर्षं ठेवतो, मग हार्डडिस्क रिकामी करतो,” तो म्हणाला. “सगळी लग्नं ठेवली तर मला गोडाऊन लागेल.”

“लोकांना हे सांगता?”

“कोणी विचारत नाही.”

“आणि डिस्क टिकत नाही, हे?”

“मंगल कार्यात असं अभद्र कुठं बोलायचं?”

मी त्याच्याशी भांडले. पुष्कळ मोठ्यानं भांडले. भांडताना मध्येच लक्षात आलं, की मी पत्रकात जे लिहिलं नाही त्याचंही उत्तर याच्याकडून मागते आहे. मग बाहेर पडले.

मावशींना फोनवर सांगायची हिंमत झाली नाही. रविवारी गेले. त्या बोंबील उलटत होत्या. माझं तोंड बघूनच कळलं त्यांना. मी माफी मागितली. त्यांनी हात झटकला.

“तू काय मुद्दाम केलंस? बस. उन्हात उभी नको ऱ्हाऊ.”

मग त्यांनी स्वतःच जागृतीला कॉल लावला. सांगितलं, गेली डिस्क. पलीकडून बराच वेळ काहीच आलं नाही. मला वाटलं लाइन गेली. माझीच सवय, मी सिग्नल बघितला. पूर्ण होता.

“आई, काय बोलले होते बाबा?” जागृतीनं विचारलं. “तुला आठवतं ना? तू बोल. मी रेकॉर्ड करते.”

मावशी सरसावून बसल्या. घसा साफ केला. “बोललेले, ‘जागू, घर लांब हाय म्हनून घाबरू नको. पानी सगल्यांचं एकच हाय. कवा बी ये. दार...’” तिथे त्या थांबल्या. परत पहिल्यापासून म्हणून बघितलं. आवाज जाड करून बघितला. मग फोन मांडीवर ठेवला.

“शब्द हायत गो सगले,” मला म्हणाल्या. “पन आवाज माझाच येतो.”

ऑफिसमध्ये त्यांची तक्रार पहिल्याच दिवशी बंद झाली होती. शेरा: ‘स्पीड ओके.’

पुढचे तीन रविवार मी ड्राइव्ह आणि लॅपटॉप घेऊन त्या आळीतल्या वलांड्या फिरले. टांगलेली एकूण एक डिस्क उतरवून लावून बघितली. बहुतेक सिनेमाच्या, गाण्यांच्या. एकीवर कोणाचं तरी बारसं निघालं, अर्ध्यापर्यंत वाचता आलं, ते काढून दिलं. बाकीच्या परत बांधल्या.

पत्रक मी नव्यानं छापलंय. पहिली ओळ अशी आहे: डिस्क टांगण्याआधी एकदा लावून शेवटपर्यंत बघा. कावळ्यांचं त्याच्या खाली. उद्गारचिन्ह एकही नाही.