भावोजींचा दुसरा ब्रेक

माझे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, लोकांना गाडी चालवायला शिकवतात. स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल आहे. शिकवण्याच्या गाडीत मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो, शिकणारा चुकला की दाबायला. आमचे भावोजी तो माणूस चुकायच्या आधीच दाबतात. पोरं त्यांना मागून 'ब्रेकमास्तर' म्हणतात. त्यांना ते माहीत आहे, आणि वाईट वाटायचं सोडून ते खूश आहेत.

घरातही तेच. कुठलीही गोष्ट म्हटली की 'आधी थिअरी'. पोहायला शिकायचं ठरलं, तर यांनी पाण्याबद्दल इतकं वाचलं की तोवर तलाव दुरुस्तीला गेला. सहल ठरली, तर हे नकाशे पसरून बसले आणि शेजारचे जाऊन फोटो काढून परत आले. नुसतं नमनालाच घडाभर तेल! ताईला गाडी शिकायची होती. तिला म्हणाले, "तुझी थिअरी कच्ची आहे." बाजारात जायचं तेही शिकवणीच्याच गाडीतून: शिकणारा पुढे, मास्तर त्याच्या शेजारी आणि ताई मागे, बाजारच्या पिशव्यांना टेकून. मी असते तर पहिल्याच वर्षी भांडी आपटली असती. ताई पोटात ठेवते.

एके दिवशी ताईने नाचाच्या वर्गात दोघांची नावं घातली. जोडीने करायचा नाच. लहानपणी आम्ही दोघी कपाटाच्या आरशासमोर असं नाचायचो आणि दर वेळी पुरुष मीच व्हायचे, कारण ताईला गोल फिरायचं असायचं. तिची ती हौस तशीच राहून गेली होती. भाजी निवडता निवडता ती भावोजींना म्हणाली, "शनिवारी पहिला वर्ग आहे. तुम्ही आलात तर बरं. नाहीतर मी एकटी जाईन, तिथे जो जोडीदार मिळेल त्याच्याबरोबर नाचेन आणि पुन्हा तुम्हाला कशालाच विचारणार नाही."

आवाज चढवला असता तर मी हसले असते. तिने चढवला नाही, म्हणून मी हातातली भाजी खाली ठेवली.

भावोजी लगेच तयारीला लागले. हॉलमधलं टेबल भिंतीला गेलं. फरशीवर खडूने पावलं उमटली, डावी पांढरी, उजवी पिवळी. वळायच्या जागी स्कूलमधले नारिंगी प्लास्टिकचे कोन. मोबाइलवर व्हिडिओ, तोही वेग कमी करून, त्यामुळे गाणाऱ्या बाईला पोटदुखी झाल्यासारखं वाटत होतं. आणि जोडीदार कोण? दाराजवळचा लाकडी कोट स्टँड! त्याची एक खुंटी या हातात, दुसरी त्या हातात, आणि भावोजी खडूच्या रेषेवर. इतक्या नाजूकपणे त्यांनी ताईला धरलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

"भावोजी, त्याला पायच नाहीत हो."

"म्हणूनच तो चुकत नाही."

तेवढ्यात ताई नवे बूट घालून दारात आली. जरा लाजलीच होती वेडी. "अहो, मी आहे ना. माझ्याबरोबर करा की."

"थांब जरा. तुझी थिअरी व्हायची आहे अजून."

ताई आत गेली. बूट काढून खोक्यात ठेवल्याचा आवाज मी ऐकला. त्या स्टँडने बडवावंसं वाटलं मला या माणसाला.

शनिवारी निघायच्या वेळी भावोजी म्हणालेच, "पुढच्या तुकडीत गेलो तर? माझं वळण अजून..." ताईने पर्स उचलली आणि जिना उतरायला लागली. हे मागून धावले, एका पायात मोजा. मीही गेले, साक्षीदार नको का?

नाचाचा वर्ग म्हणजे एका शाळेच्या वरच्या मजल्यावरची लांबट खोली, बाकं भिंतीशी रचलेली, एका बाजूला आरसे. शिकवणाऱ्या बाईंनी हात कसे धरायचे ते दाखवलं आणि गाणं लावलं. ताईने पहिलं पाऊल टाकलं मात्र, भावोजींचा उजवा पाय धाडकन खाली. ब्रेक! खाली ताईचा नवा बूट.

"थांब, थांब. आधी बाजूला बघ."

पुन्हा पाऊल, पुन्हा ब्रेक. बाकीच्या जोड्या वळसा घालून जाऊ लागल्या, रस्त्यात बंद पडलेल्या ट्रकला घालतात तसा. शेवटी बाई आल्या. "काका, तुम्ही त्यांना नेताय की अडवताय?"

ताईने त्यांच्या खांद्यावरचा आपला हात काढला. मी म्हटलं, झालं, संपलं सगळं. पण तिने कंबरेवरचा त्यांचा हात उचलून आपल्या खांद्यावर ठेवला. "मी नेते. तुम्ही मागे मागे या."

आणि माझे भावोजी रिव्हर्समध्ये निघाले! कधी डाव्या खांद्यावरून मान वळवून, कधी उजव्या.

"मागे काय बघताय? माझ्याकडे बघा."

"मागे भिंत आहे."

"मला दिसतेय ती."

तेव्हा कुठे त्यांनी तिच्याकडे पाहिलं. पाय एकदोनदा थरथरला, पण आपटला नाही. भिंतीपाशी ताईने त्यांना अलगद वळवलं आणि लहानपणीसारखी स्वतःही गोल फिरली. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू?

खाली गाडीपाशी ताईने हात पुढे केला. "किल्ली द्या."

"तुला कुठे येते गाडी?"

तिने पर्समधून लायसन्स काढून दाखवलं. "पलीकडच्या चौकातल्या स्कूलमध्ये शिकले. गेल्या वर्षी."

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. मी आभाळाकडे. दोघी मिळूनच जायचो आम्ही.

ते आपल्या जागेकडे, ब्रेकच्या बाजूला वळले.

"तिथे ती बसेल," ताई माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली. "तुम्ही मागे."

ते पिशव्या सरकवून बसले. मग अगदी बारीक आवाजात विचारलं, "थिअरी कोणी घेतली तुझी?"

"तुम्हीच की. मागे बसून इतकी वर्षं दुसरं काय ऐकत होते मी?"

पहिल्या वळणावर मागून पाय आपटल्याचा आवाज आला. ताईने आरशात त्यांच्याकडे पाहिलं आणि गाडी वळवली.