वरती जय भीम

नवरा गेला, लेक नांदायला गेली आणि बारामतीजवळच्या कन्हेरी गावातल्या घरात बोलायला मी आणि रेडिओ उरलो. रेडिओ तरी सेल उतरले की गप्प बसायचा. मला तेवढीही सोय नव्हती.

नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या विहारात एक भन्ते वर्षावासाला, म्हणजे पावसाळाभर मुक्कामाला, आले. एका रविवारी वंदना झाल्यावर म्हणाले, "तुरुंगातल्या माणसांना पत्रं लिहा. त्यांना कुणी लिहीत नाही. मैत्री नुसती तोंडानं म्हणू नका." बायकांनी माना डोलावल्या आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी बालवाडी चालवायची ना! "तूच लिव्ह बाई, आमी सांगतो," म्हणाल्या. सांगायला एकही बसली नाही.

भन्तेंनी बजावलं होतं, गुन्हा विचारायचा नाही, आणि लिहायचं ते उघड्या पोस्टकार्डावर, कारण तिथले साहेब आधी वाचतात. त्यांच्या यादीतून माझ्या वाट्याला आला इंदापूरकडच्या एका ऊसवाल्या बागायतदाराचा मुलगा. त्याला काय लिहिणार कपाळ? कॅनॉलला पाणी सुटलं, बारामतीच्या बाजारात मेथीला कुणी विचारत नाही, शेजारणीची म्हैस व्याली. वरती मात्र आमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे, सगळ्यात आधी, जय भीम.

त्याचं पहिलं उत्तर आलं. वर श्री, खाली 'सौ. ताईंस नमस्कार'. मी विधवा, आणि हा शहाणा मला सौ. लिहितोय! हसले, आणि चुलीपुढं बसून परत वाचलं. मग तो म्हशीची चौकशी करायला लागला. रेडकाला दूध पुरतं का, आंबोण काय घालता. मीही शेजारणीला खोदून खोदून विचारायची. ती म्हणे, "म्हस माझी, आन् काळजी तुला!" पोस्टमनची सायकल वाजली की माझं अर्धं लक्ष तव्यावरून उडायचं.

असं करता करता एकदा त्याच्या कार्डावर श्रीच्या जागी जय भीम आलं. आणि खाली, 'ताई, सुटलो की पहिलं पाणी तुमच्या हातचं पिणार.' माझ्या आईला असल्याच बागायतदारांच्या विहिरीवर लांबून, वरून ओंजळीत पाणी ओतायचे. ते मी डोळ्यानं बघितलेलं. म्हणून हे वाक्य माझ्यासाठी साधं नव्हतं. मी त्या माणसाची वाट बघायला लागले, खोटं कशाला बोलू?

काही वर्षांनी तो सुटला आणि खरंच आला. भर दुपारी, वाळलेला, केस पिकलेले. "ताई हायत का घरात?" मी घासून ठेवलेला तांब्या भरून दिला. गडी आत येऊन खाटेवर बसला, घटाघटा प्याला, वर म्हणाला, "आनखी द्या." पिठलं-भाकरी खाल्ली. मला तर आई हवी होती त्या दिवशी, बघायला.

निघताना चपलेत पाय घालत, खाली बघत म्हणाला, "ताई, येक बोलू? घरी कार्ड टाकाल तर वर ते जय भीम तेवढं लिवू नका. पोस्टमन पारावर समद्यांदेखत वाचतो. थोरला भाऊ लई कडक हाय."

"आन् जेलात चालत व्हतं?"

"तितं मी एकलाच व्हतो, ताई."

माझ्या पाया पडला आणि एस्टीला गेला.

राग तर असा आला की तो तांब्याच भिरकावून द्यावा. पण रागानं दिवस किती जाणार? पुढं घर खायला उठलं. पोस्टमन दारावरून सरळ पुढं जायचा. मी कार्ड घेऊन बसायची. नुसते दोन शब्द गाळायचे होते, की त्याची पत्रं परत सुरू. कुणाला कळलंही नसतं. एकदा तर 'चि. भावास आशीर्वाद' एवढं लिहूनही झालं. मग वरची कोरी जागा बघवेना. ते कार्ड चुलीत घातलं.

दुसरं घेतलं. वर ठसठशीत जय भीम लिहिलं, बालवाडीच्या फळ्यावर लिहायची तसं. खाली लिहिलं, 'म्हैस पुन्हा व्याली. यंदा रेडी झाली.' आणि पेटीत टाकून आले.

उत्तर आलं नाही. पण कार्ड पोचलं असणार, आणि पोस्टमननं ते पारावर समद्यांदेखत वाचलंही असणार.